चेंडूला लागलेलं कुंकू

आई,

आज नवा चेंडू लेनवर टाकून पाहिला. तुला चेंडू म्हटलं की रबराचाच आठवेल. हा बोलिंगचा, चांगला सात किलोचा, बोटं घालायला तीन भोकं असलेला. तुला त्या मॉलमध्ये मी एकदाच नेलं होतं. दारातच तू चपला काढल्यास, तिथले भाड्याचे बूट बघून "दुसऱ्याच्या पायातलं मी घालायची नाही" म्हणालीस आणि अनवाणी जाऊन मागं बसलीस. लेन चकाकताना दिसली तशी काउंटरवरच्या माणसाला हाक मारलीस, "अहो भाऊ, इथं तेल सांडलंय, फडकं मारा, कुणीतरी पडेल!" मी लाजेनं अर्धा झालो. ते मुद्दाम लावतात, त्यावरूनच चेंडू घसरत जातो, असं सांगितलं तर म्हणालीस, "अगं बाई! इथं ओतायला तेल आहे, आणि घरी मी भजी म्हटलं की तुझे बाबा कुरकुरतात." मग स्वतःच इतकी हसलीस की शेजारच्या लेनवरची माणसंही हसायला लागली.

आता बाबाही नाहीत. मी पन्नाशी ओलांडली, गुडघा बोलायला लागलाय. जिल्ह्याच्या संघात यायचं, एवढी एकच हौस उरलीय, आणि दरवर्षी माझं तेच रडगाणं: सकाळी झकास, दुपारी बट्ट्याबोळ. दुपारपर्यंत सगळ्यांच्या चेंडूंनी तेल पुसलं जातं, लेन कोरडी पडते आणि चेंडू लवकर वळून डावीकडं पळतो. अशा वेळी आपण डावीकडं सरकून उभं राहायचं असतं. मला हे माहीत नाही का? चांगलं माहीत आहे! पण मी सरकत नाही. चेंडूला नावं ठेवतो, हाताला ठेवतो, जागा मात्र सोडत नाही. "बापाचा हेकटपणा अख्खा उचललास" असं तू म्हणायचीस, ते काही खोटं नाही. परवा निवड आहे. आज दुपारीही तोच घोळ झाला तर नावच द्यायचं नाही, असं ठरवून गेलो होतो.

तिथं पिशवी उघडली तर चेंडूवर हे एवढं कुंकू! तुझ्या सुनेचं काम. तू नव्या स्कूटरला, मिक्सरला, अगदी कुकरलासुद्धा हळदकुंकू वाहायचीस, आणि ही तुझीच चेली. मी फोन करून ओरडलो, "अगं, हा खेळायचा आहे, देव्हाऱ्यात नाही ठेवायचा!" ती थंडपणे म्हणाली, "नवी वस्तू तशीच वापरलेली आईंना चालली असती का? वणीहून आणलेलं कुंकू आहे, राहू दे." मी पुसलं, तर निघेना. या चेंडूचं कवच तेल पितं. कुंकूही प्यायलं होतं. शेवटी चिडचिड करत तसाच टाकला. सकाळच्या ताज्या तेलावर चेंडू बराच पुढपर्यंत नुसता घसरत गेला, तो लाल ठिपका त्याच्या अंगावर जागच्या जागी गरगरत राहिला, मग कुठं चेंडू लोळायला लागला, वळला आणि समोरच्या दहाच्या दहा पिना आडव्या. दुपारी कॉलेजच्या पोरांचा घोळका खेळून गेल्यावर पुन्हा टाकला, तर ठिपका अर्ध्या वाटेतच लोळायला लागलेला! इतकी वर्षं जे नुसतं माहीत होतं ते आज डोळ्यांना दिसलं. खापर फोडायला कुणी उरलंच नाही. "सरक की लेका!" मी स्वतःलाच म्हणालो आणि डावीकडं सरकलो. आठ पडल्या. आणखी जरा सरकलो, नऊ. मग दहा! एवढ्या जोरात ओरडलो की काउंटरवरचा माणूस धावत आला, त्याला वाटलं पाय मुरगळला.

तर नाव दिलंय. उद्या रात्रभर घासून तो ठिपका काढायचाय, स्पर्धेत चेंडू स्वच्छ लागतो. तुझ्या सुनेला मीच सांगेन. घरात सगळ्यांना छाती फुगवून "या वेळी बघाच" म्हणालोय. हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून तुला खरं सांगतो, मला भीती वाटतेय. हरायची नाही गं, त्याची सवय झालीय. निवड झाली तर बायको पेढे आणेल, लेक फोटो टाकेल, सगळं होईल. पण तू असतीस तर खेळातलं काही कळत नसताना इंदिरानगरात दारोदार "आमच्या पोराचं झालं" म्हणून सांगत सुटली असतीस. हरलो तर घरी येऊन झोपेन. जिंकलो तर काय करू, तेच कळत नाही.