आमच्या आजोबांचं नाव कशाला विचारलंत?

तीर्थरूप आत्या,

शिरसाष्टांग नमस्कार. (तुझा गुडघा वाकत नाही असं आई म्हणाली, तेव्हा आशीर्वादासाठी उठू नकोस, बसल्या जागेवरून चालेल.) आतोबांचा खोकला कमी झाला असेल. आमच्याकडे सगळे खुशाल आहेत. बाबा सध्या माझ्याशी आईमार्फत बोलतात. त्याचं कारण पुढे येईलच. आधी पार्श्वभूमी देते, कारण पार्श्वभूमीशिवाय माणसाचं वागणं कळत नाही, असं आमच्या प्राध्यापकबाई सांगतात.

घरात पदवी घेणारी मी पहिलीच, त्यामुळे पदवीचं पुढे काय करतात हे आपल्याकडे कुणालाच ठाऊक नाही. बाबांच्या मते ती चौकटीत घालून भिंतीवर टांगतात आणि मुलगी ओळखीच्या दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीत बसते. मला मात्र मानववंशशास्त्रातच पुढे जायचं आहे. हे शेजारच्या मावशींना समजावून सांगितलं, की माणसं कशी राहतात, कुणाशी बोलतात, कुणाशी बोलत नाहीत, हे आम्ही बघतो आणि लिहून काढतो. त्या म्हणाल्या, “अगं, मी गॅलरीत बसून दुसरं काय करते? मला कुणी पदवी दिली नाही ती.” (हे मी वहीत लिहून घेतलं.) तर, तुमच्या शहरातल्या संग्रहालयात वर्षभरासाठी साहाय्यकाची जागा निघाली आणि बाईंनी माझं नाव सुचवलं. अट एकच होती. आधी एखाद्या कामाच्या ठिकाणी बसून तिथल्या माणसांचा नीट अभ्यास करून दाखवायचा.

मी कोपऱ्यावरचं शिंप्याचं दुकान निवडलं. लांबट खोली, दोन्ही बाजूंना शिवणयंत्रं, मध्ये कापडाचे गठ्ठे, टोकाला कापायचं मोठं टेबल आणि त्यामागे गळ्यात टेप अडकवलेले मास्तर. त्यांची विधवा बहीण काजं-बटणं करते आणि तिचा मुलगा, म्हणजे मास्तरांचा भाचा, खिडकीजवळच्या यंत्रावर फक्त कॉलर शिवतो. मी चिंध्यांच्या गाठोड्यावर बैठक मारली. आमच्या शास्त्रात आधी नातेसंबंधांचा तक्ता काढतात, पुरुषाला त्रिकोण आणि बाईला गोल. म्हणून मी मास्तरांना त्यांच्या आजोबांचं नाव, मूळ गाव, लग्नं कोण ठरवतं, देण्याघेण्याचं काय, सून आल्यावर वेगळी राहते की एकत्र, असं सगळं विचारलं. भाच्याचं लग्न झालंय का, हे तर बोट ठेवून विचारलं, कारण त्याच्या त्रिकोणाशेजारी जागा मोकळी राहत होती आणि अर्धवट तक्ता मला बघवत नाही.

पुढच्या खेपेला दुकान झाडलेलं होतं, माझ्यासाठी उशी घातलेली खुर्ची होती आणि भाचा इस्त्रीच्या शर्टात होता. (“या गटात टापटिपीला महत्त्व आहे,” असं मी लिहिलं.) मग मास्तरांच्या बहिणीने माझेच प्रश्न मला विचारले. बाईंनी सांगूनच ठेवलं होतं, की लोक उलटे प्रश्न विचारू लागले म्हणजे समजावं, त्यांनी आपल्याला आपलं मानलं. मला भरून आलं. मी आपल्या आजोबांचं नाव, घरात तुझा शब्द शेवटचा असतो हे, आणि लग्नाची अशी मी एकटीच उरले आहे हेही उत्साहाने सांगितलं. भेट म्हणून झंपर शिवायला त्यांनी माझं माप घेतलं, तेही मी घेऊ दिलं, कारण भेट नाकारणं आमच्या शास्त्रात बसत नाही. भाच्याने तेवढ्यात एक कॉलर उलटी शिवली. मास्तरांनी ती स्वतःच उसवून दिली. (“तरुणांबाबत वडीलधारे सौम्य असतात.”)

रविवारी तिघंही आपल्या घरी आले. ज्यांचा अभ्यास करायचा तेच अभ्यासकाच्या घरी चालत येणं ही दुर्मीळ गोष्ट, म्हणून मी चहा दिला आणि परक्या घरात ही माणसं कशी वागतात हे बघत समोर बसले. मास्तर बाबांशी हळू आवाजात बोलत होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मोकळेपणाने बोलू का, असं ते विचारत असावेत असं वाटून मी मान डोलावली. (ही मान मी डोलवायला नको होती.) मग मास्तर म्हणाले, “तर तारीख कधीची धरायची?” आणि मी म्हणाले, “कसली?”

मी संशोधनाचं सगळं समजावून सांगितलं, त्रिकोण-गोलही काढून दाखवले. मास्तर म्हणाले, “अहो बाई, मग आमच्या आजोबांचं नाव कशाला विचारलंत? झंपर शिवायला येणारं कुणी आजोबांचं नाव विचारत नाही.” बहीण म्हणाली, “रिकाम्या जागेवर बोट ठेवलंत की तुम्ही!” भाचा पंख्याकडे बघत एवढंच म्हणाला, “मला वाटलंच होतं.” ते गेल्यावर बाबा म्हणाले, मुलगा चांगला होता, नजर खाली होती. मी म्हणाले, कॉलर शिवणाऱ्याची नजर खालीच असते. तेव्हापासून आई मध्ये आहे.

बाईंना मात्र अहवाल फार आवडला. माझ्या चुकीवरचं प्रकरण सर्वांत चांगलं आहे म्हणाल्या, आणि जागा मला मिळाली. पण बाबांनी आईमार्फत विचारलं आहे, की जी मुलगी चिंध्यांवर बसल्या बसल्या स्वतःचं लग्न ठरवून येते आणि तिला पत्ताही नसतो, ती परगावी वर्षभरात काय काय ठरवील? शास्त्राच्या दृष्टीने प्रश्न उत्तम आहे. मला तो झोपू देत नाही. संग्रहालयाला होकार कळवायला एका आठवड्याची मुदत आहे, नाहीतर मी आणि ती दवाखान्याची खिडकी.

गुडघ्याला शेक देत जा. आतोबांना नमस्कार.

तुझी भाची

ता. क. तुमची मागची खोली रिकामी आहे असं कळलं. वर्षभर मला ठेवून घेशील का? मी भांडी घासते आणि कुणाला प्रश्न विचारणार नाही. बाबा तुझं ऐकतात. फोन कर, पण हे मी सुचवलंय असं म्हणू नकोस.

ता. क. दुसरा. बाबा इतके का घाबरले ते आईने काल सांगितलं. आतोबा आपल्या घरी प्रथम शिरगणतीला आले होते म्हणे, आणि कागदावर तो प्रश्न नसताना त्यांनी तुमच्या आजोबांचं नाव विचारलं. शिरगणतीला एक फेरी पुरते. हे मात्र ‘आकडा जुळत नाही’ म्हणून येतच राहिले, आणि दर वेळी दार उघडायला हाफ चड्डीतले बाबा. तेव्हा त्या प्रश्नाचं पुढे काय होतं हे त्यांना लहानपणापासून ठाऊक आहे. ते काही वाईट झालं नाही, एवढं तू त्यांना सांगावंस.

ता. क. तिसरा. झंपर शिवून आलं. अंगाला असं बसलंय की काय सांगू! अहवाल देऊन झालेला असला तरी आभार मानायला मी दुकानात जाऊन आले. मग बॉबिन कशी भरतात हे बघायचं राहिलं होतं म्हणून परवा पुन्हा गेले. भाच्याने विचारलं, संग्रहालय रविवारी उघडं असतं का. तक्त्यातली ती जागा मी मोकळीच ठेवली आहे. बाबांनी विचारलंच तर सांग, आकडा जुळत नव्हता.