दशम्यांचा डबा

ओतूर, रविवार, संध्याकाळ

मुंबई ते टोरांटो साडेबारा हजार किलोमीटर, विमानानं जवळजवळ पूर्ण दिवस. हे आईला सांगायलाच नको होतं. तेवढ्या प्रवासाला पुरतील एवढ्या दशम्या तिनं तिकडं निघालेल्या नातीसाठी केल्या. "दोन जास्त घातल्यात, इमानात शेजारी बसंल त्या पावण्याला द्याया."

विमानतळावर बॅग जड भरली, तेव्हा मीच डबा काढून घेतला. टाकवेनात, म्हणून येताना मंचरला गाडीत बसून एकट्यानं खाल्ल्या. भूक तरी होती का?

आज पोरीचा व्हिडिओ कॉल आला. मी शिकवल्याप्रमाणं ती बोलली, "आजी, दशम्या लई गोड लागल्या."

आईनं विचारलं, "आन् पावण्याला आवडल्या का?"

हे मी शिकवलं नव्हतं. पोरगी फोनमधून माझ्याकडं बघत राहिली.