बैलगाडीचा रकाना

बा, तू खोटं लिहीत नव्हतास. काल दुपारी मला हे कळलं आणि अजून माझं डोकं ठिकाणावर नाही. तू गेल्यापासून आपलं गाव गाव राहिलेलं नाही रे. वणीकडून येणारे कोळशाचे ट्रक भर चौकातून जातात, शाळा सुटली की ऑटो, दुचाक्या, बसा सगळं एकमेकांत अडकून बसतं. गाव आणखी वाढणार, म्हणून वाहतुकीचा आराखडा करायचं काम एका कंपनीला मिळालंय, आणि तिथे नकाशासमोर बसणारी मी आहे. आमचे साहेब उठताबसता समतोल म्हणतात. ट्रकला ट्रकची वाट, बसला बसची, गाड्या लावायला जागा. मला हे काम जमतं, बा, आणि जमतं याचा थोडा माजही होता.

तुला तो बाजाराचा दिवस आठवतो का? तू रस्त्याच्या कामावर रोजंदारीला होतास, आणि त्या आठवड्यात तुला नाक्यावर येणारंजाणारं मोजायला बसवलं होतं. मी नऊ-दहा वर्षांची. आईनं, आपल्या याडीनं, बांधून दिलेली भाकर घेऊन येते, तर तू बाभळीखाली बसलेला, मांडीवर पुठ्ठा, त्यावर रकान्यांचा कागद. ट्रक, बस, मोटार, सायकल, बैलगाडी. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. मी तुझ्याजवळ बसून बघते. तासभरात एक बैलगाडी येत नाही, आणि तुझ्या बैलगाडीच्या रकान्यात रेघा वाढतच चाललेल्या. मी विचारलं, बा, गाडी कुठं आहे? तू वर न बघता म्हणालास, "मोजनाऱ्याले टोकू नये." झालं. तेवढ्यावर मी ठरवून टाकलं की माझा बाप कागद भरायला रेघा ओढतो. तुला विचारलं नाही, कुणाला सांगितलंही नाही. पण तू शाळेत वह्या बघायला आलास आणि खोटं बोलू नये म्हणालास, की मी दुसरीकडे बघायची.

गेल्या महिन्यात कचेरीत जुन्या मोजण्यांचे कागद आले, तर त्यात तो कागद. तुझं वाकडं अक्षर मी लाखात ओळखीन. शेजारचा पोरगेला इंजिनिअर हसत म्हणाला, मॅडम, एवढ्या बैलगाड्या? इथे काय बैलांच्या शर्यतीचा शंकरपट भरला होता? मीही हसले. मग लाल पेनानं त्या आकड्यावर काट मारली आणि बाजूला लिहिलं, नोंद चुकीची, वगळावी. त्या नोंदीमुळेच त्या रस्त्याच्या कडेनं मुरमाची रुंद पट्टी सोडलेली होती, बैलगाड्यांसाठी. गाड्या नाहीत म्हटल्यावर पट्टी कशाला? मी ती काढली आणि ट्रकची लेन रुंद केली. नकाशा देखणा दिसला. साहेब खूश झाले.

काल याडी स्वयंपाकघरात तूर निवडत बसली होती. मी कौतुकानं सांगत होते, रस्ता असा होईल, ट्रक सरळ निघतील, मधे कठडा येईल. ती सूप खाली ठेवून म्हणाली, मग तांड्यावरच्या बायांनी बाजाराला कुठून जायचं? कडेची वाट तर तुझ्या बापानं मिळवलेली. मला आधी काही समजेना. म्हटलं, बानं कशी?

"कागदात पायी चालनाऱ्याचा रकानाच नव्हता. तुह्या बा चार बायांची एक गाडी लिवे. म्हने, चौघींच्या डोक्यावरचं वझं गाडीभर हाये, मंग गाडीच झाली. आपल्या लदेणीत वझंच मोजत, चाकं नाही. मी बी होती त्याच्यात."

लदेणी म्हणजे आपल्या लोकांचे ते बैलांचे तांडे, मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरणारे, एवढं मला ठाऊक होतं. बाकी काहीच नाही. त्या दिवशी नाक्यावरून बाया जातच होत्या, बा. सरपणाच्या मोळ्या, भाजीच्या पाट्या, टोपलीत कोंबड्या. मी त्यांना पाहिलं आणि गाडी शोधत बसले. आणि आज इतकं शिकून, एवढ्या मोठ्या पडद्यासमोर बसून, आमच्या नव्या तक्त्यातही पायी चालणाऱ्यांचा रकाना नाही, हे माझ्या लक्षात आलं नाही. त्याच मुरमावरून मी दहावीपर्यंत शाळेत गेले. तुझ्या एका रेघेत माझी आई होती आणि मी ती खोडली.

सोमवारी नकाशा मंजुरीला जाणार. त्याआधी साहेबांसमोर उभं राहून सांगायचं आहे की नोंद बरोबर होती, पट्टी परत घाला, आणि माणसं पुन्हा मोजा. ते विचारतील, कशावरून? मग तो कागद कुणाचा, हे सांगावं लागेल. ते मी सांगेन. पण एक गोष्ट त्यांना सांगणार नाही, याडीलाही नाही. आकडा चुकीचा वाटला म्हणून मी एवढ्या घाईनं काट मारली नव्हती, बा. तो पोरगा हसत होता, आणि कागदाच्या तळाशी तुझी सही होती. त्यातलं माझं आडनाव त्याच्या नजरेला पडायच्या आत कागद बाजूला जावा, म्हणून मारली.