पोदेर आला

हळर्ण, पेडणे
९ डिसेंबर २०२३

गंगाताय,

नमस्कार गो. आम्ही बरे आहोत. आईचे अळसांदे रुजलेत. तुझा फोन मराठी नाकातून वाचून दाखवतो, म्हणून सोपं सोपं लिहितोय. हसू नको.

तुये गावातल्या ऑफिसात मी अजून टिकलोय. दहावी दोन फटक्यांत काढलेला मी, वेबसाइटची पानं बनवतो! विजय सर म्हणतात, हात चांगला, डोकं उडाणटप्पू.

आठवतं? सुटीत डिचोलीला आलो की फाटकाआड लपून मी सायकलवरून पाव विकणाऱ्या पोदेराचा हॉर्न काढायचो, पों पों. तू पिशवी घेऊन उंडे आणायला धावायचीस. मग माझा कान पिळायचीस. अंदाजाने हात घालायचीस, पण कान बरोब्बर सापडायचा.

तेच नडलं.

मोपाकडच्या हॉटेलात फोन घेण्याच्या नोकरीची जागा निघाली, तिचा वेबसाइटवरचा अर्ज मीच बनवलेला. तू भरणार हे ठाऊक होतं. पानावर दिसत नाही पण फोन वाचून दाखवतो, असं एक लेबल असतं. म्हटलं, ताईला हसवू. शेवटच्या चौकोनाला लिहिलं, ‘पोदेर आला, उंडे घे.’ मग विसरलो.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी तुझा फोन आला. ‘मेल्या, तुझो पोदेर ऐकलंय, हसलंय नि फुडे गेलंय. पण अर्ज धाडूचा बटण खंय असा?’

मी व्हॉलीबॉल खेळत होतो. ‘असतला थंयच. नीट बघ,’ म्हटलं. नीट बघ. तुला.

दुसऱ्या दिवशी पान उघडलं आणि फोनला वाचायला लावलं. तो पोदेरच बटण होता गो! डोळसांना तिथे ‘अर्ज पाठवा’ दिसत होतं. लेबल घातलं की फोन वरची अक्षरं सोडून तेच वाचतो, म्हणून तुझ्यापुरतं ते पुसलं गेलं. वर मी खरं बटण घातलंच नव्हतं, नुसता चौकोन रंगवला होता. खरं असतं तर फोन ‘पोदेर आला’च्या मागून ‘बटण’ म्हणाला असता. तू दाबलं असतंस.

तीन आठवडे हे गिळून बसलोय. परवा तुमच्याकडे आलो तेव्हा मावशी तुला म्हणाली, ‘तुका सांगलेलंय, डोळे असलेल्याक भरूक दी. लेकी, तुका जमाचा नाय.’ आता सगळे फॉर्म तुझा भाऊ निलेशच भरतो म्हणे. मी समोर बसून चहात उंडा बुडवत होतो.

काल सरांना सगळं सांगितलं. ओरडले. हॉटेलला फोन केला तर जागा भरलेली. आता प्रत्येक पानावर खरी बटणं, खरी शीर्षकं घालतोय. लेबल फक्त जिथे नुसतं चित्र आहे तिथे. पण तुझी जागा गेली ती गेलीच.

एक कर. इयरफोन काढ, आवाज मोठा कर, नि हे पत्र मावशी असेल तिथे पहिल्यापासून लाव. नाकातून का होईना, तिला कळू दे की तू बरोबरच शोधत होतीस. बटण नव्हतंच.

यात कुठे काही लपवून लिहिलेलं नाही. दिसतं तेच ऐकू येतं.

कान पुढे करून बसलेला,
तुझा शंभू