आत्याच्या पायाच्या पट्ट्या

प्रिय आत्या,

तुला जाऊन दोन वर्षं झाली. आज पत्र लिहायला बसले ती प्रेमाचा उमाळा आला म्हणून नव्हे, अडचणीत सापडले म्हणून. शेजारची जमनी सकाळी नडगीवरची जखम घेऊन आली. तिलाही तुझ्यासारखंच जुनं इसब. म्हणते, "कमळे, तूच बांध पट्टी. तुझ्या हाताला गुण आहे, असं तुझी आत्या अख्ख्या डहाणूला सांगायची."

सांगायचीसच! आणि मी खाली मान घालून ऐकायचे. लोकांना तो विनय वाटायचा.

तुझं इसब माझ्याहून वयाने मोठं. थंडीत पाय उलायचे, तू खाजवून सालं काढायचीस आणि वर खाऱ्या माशांच्या टोपलीतलं पाणी त्यावर गळायचं. त्याच पायांनी तलासरीचा बाजार गाठायचीस. घरी बस म्हटलं की उत्तर तयार, "मी बसते गं, पण बोंबील काय स्वतः चालत जातील?"

त्या वर्षी मात्र जखम भरेना. पट्ट्या धुवायचं काम माझं. धुवायचे अगदी घासून, आणि वाळत कुठे घालायचे? मासळी सुकवायच्या वलांडीवर, बांबूंना टांगलेल्या बोंबलांच्या शेजारी! ऊन छान, वारा छान. माश्यांचा विचार करायला माझ्याकडे वेळ नव्हता. मांजरं तुझ्या मागून एस.टी.च्या थांब्यापर्यंत यायची, तू म्हणायचीस, "बघा, माझी वरात!" तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

मग पाय सुजला, पू धरला, ताप चढला. आणि मी तुलाच बोलले. "खाजवतेस म्हणून! हात बांधून ठेवू का तुझे?" तू भिंतीकडे तोंड करून पडलीस. आठवतं?

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, चार दिवसांत उतार पडला नाही तर मुंबईला न्या, पाय राहील याची खात्री नाही. कंपाउंडरने जुनी पट्टी नाकाशी नेली. "बाई, ही पट्टी आहे की सुकट? वाळवता कुठे?"

"दोरीवर," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग सगळं शिकवलं. कापड उकळायचं, स्वच्छ जागी कडक उन्हात वाळवायचं. जखम उकळून गार केलेल्या पाण्याने धुवायची. पट्टी चिकटली तर ओढायची नाही, भिजवून सोडवायची. मी तोवर ओढतच होते, आत्या. झटकन काढली की कमी दुखतं, हे माझं शास्त्र. तू दात आवळून म्हणायचीस, "हलका हात आहे गं तुझा." इतकं खोटं कशाला बोलायचं?

त्याच संध्याकाळी मी मागच्या दारी वेगळी दोरी बांधली. इंजेक्शनं चालूच होती. ताप उतरला, महिन्या-दीड महिन्यात जखमेवर गुलाबी कातडं धरलं. पाय राहिला. आणि तू गावभर माझं नाव केलंस.

आज जमनीची जखम धूत होते, तेव्हा ती सहज म्हणाली, "त्या संध्याकाळी तू दोरी बांधताना रडत होतीस ना? आत्या दारातून बघत होती. मला म्हणाली, तिला काही विचारू नकोस. मी म्हटलं, काळजीने रडत असेल."

माझा हात थांबला. म्हणजे तुला कळलं होतं! मग बोलली का नाहीस? बाजारात भाव पाडणाऱ्यांच्या सात पिढ्या काढायचीस, माझ्या वाट्याला एक शिवी उरली नव्हती? शिवी दिली असतीस तर मी तेव्हाच मोकळी झाले असते. तू कौतुक केलंस, आणि ते मला आजवर पुरलं.

जमनी परवा पट्टी बदलायला येईल. पट्टीला हात लावण्याआधी तिला सगळं सांगेन. वलांडीचं, ओढून काढलेल्या पट्ट्यांचं, तुला बोलले त्याचं. काही गाळणार नाही, हा शब्द. एवढं ऐकूनही तिने पाय पुढे केला, तर बांधीन.

तुझी,
कमळी