सभासद क्रमांक ८८ बाबत

२ फेब्रुवारी

लायब्ररीच्या बोर्डावर सूचना लागली आहे. पुस्तक निवड समितीवर एक जागा वाचकासाठी. कथा-कादंबऱ्या सोडून बाकीची पुस्तकं, म्हणजे इतिहास, विज्ञान, आरोग्य, आठवणी वगैरे, कोणती घ्यायची हे तो वाचक सांगणार. ही जागा माझीच आहे.

सूचनेचा विषय आणि शेवटची ओळ मी वाचली. मधलं बायकोने सांगितलं. एप्रिलच्या मध्यापर्यंत निदान दहा पुस्तकांवर अभिप्राय द्यायचे. ग्रंथपाल बाई ते टाइप करून पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर चिकटवतात. खाली नाव नाही, नुसता सभासद क्रमांक. म्हणजे माणूस मोकळेपणाने लिहितो. माझा ३११, हिचा ३१२. ही म्हणाली, मीही बघते प्रयत्न करून. म्हटलं, कर की, तेवढाच तुझा वेळ जाईल.

३ फेब्रुवारी, सकाळी ७.१०

ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, म्हणून खरं लिहितो. ऑफिसात सव्वीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर आहे. येणाऱ्या प्रत्येक कागदावर माझा शिक्का पडतो, पण त्या कागदाचं काय करावं हे मला आजवर कोणी विचारलेलं नाही. घरातही तेच. पडद्यांचा रंग मला पडदे लागल्यावर कळला. एकदा तरी कोणीतरी समोर बसून विचारावं, तुमचं मत काय? फार इच्छा आहे.

संकल्प : रोज चाळीस पानं.

४ फेब्रुवारी

काल पाहुणे. आज ऑफिसात इन्स्पेक्शन. उद्यापासून ऐंशी.

६ फेब्रुवारी

पद्धत सापडली! रोज शंभर पत्रं मी कशी हातावेगळी करतो? विषय, पहिली ओळ, शेवटची ओळ. मधलं आपोआप कळतं. पुस्तक म्हणजे तरी काय, लांबलेलं पत्रच.

पुलांचा इतिहास, ४१२ पानं. लायब्ररीतच उभ्याउभ्या उरकलं. अभिप्राय : 'एका बैठकीत वाचून काढले. लेखकाने पूल बांधले, पण वाचकापर्यंत पोचला नाही.' ग्रंथपाल बाईंनी चष्म्यावरून बघितलं. प्रभावित झाल्या असाव्यात.

९ फेब्रुवारी

समितीला चिकित्सक माणूस हवा असणार. म्हणून कुठल्याही पुस्तकाला चांगलं म्हणायचं नाही, असं ठरवलं.

मधमाश्यांवरचं पुस्तक : 'एका बैठकीत वाचून काढले. लेखक सतत माश्यांची बाजू घेतो. एकांगी.'

हीही तेच पुस्तक घेऊन बसली आहे, पण पान एकपासून. सवय नसली की असं होतं.

१५ फेब्रुवारी

दहा पुस्तकं पूर्ण! ही अजून माश्यांतच.

आमच्या खालच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे. तेही लायब्ररीत येतात. त्यांना भेटून जरा अंदाज घेतला. एका गिर्यारोहकाच्या आठवणी त्यांना अजिबात आवडल्या नाहीत, कारण मुखपृष्ठावर तो हसतोय आणि त्याच्या दाढेकडे वेळीच कोणी बघितलेलं नाही. अशा माणसांशी माझी स्पर्धा आहे. काळजीचं कारण नाही.

२० फेब्रुवारी

काळजीचं कारण आहे. आज माझे चिकटवलेले अभिप्राय बघायला लायब्ररीत गेलो. झोपेच्या शास्त्रावरच्या पुस्तकात माझ्या चिठ्ठीच्या वर आणखी एक चिठ्ठी : 'एका बैठकीत वाचून काढले. डोळे उघडले. प्रत्येकाने संग्रही ठेवावे. – सभासद क्र. ८८.'

एका बैठकीत! हे माझं वाक्य आहे. चिठ्ठी पिवळी पडली आहे, म्हणजे या इसमाने ते माझ्याही आधी चोरून ठेवलं.

२२ फेब्रुवारी

दहांपैकी सात पुस्तकांत हा ८८ हजर. पुलांच्या इतिहासावर 'प्रत्येकाने संग्रही ठेवावे'. मुतखड्यांच्या एका सर्जनच्या अनुभवांवर 'प्रत्येकाने संग्रही ठेवावे'. कोणी आणि कशाला? आणि चारशे बारा पानं एका बैठकीत? थापा मारायलाही काही मर्यादा असते.

घरी हिला सगळे वाचून दाखवले. ही हसत सुटली. डोळे पुसत म्हणाली, अहो, हा माणूस तुम्हाला कोणासारखा वाटतो? म्हटलं, दातांचे डॉक्टर. तर आणखी हसली. मग मधमाश्यांचं पुस्तक घेऊन आत गेली.

१ मार्च

हिने अभिप्राय दिला. एकच, पण पाऊण पान. त्यात लिहिलंय की एकशे छत्तिसाव्या पानावर जुनी राणी मरते तिथे रडू आलं, आणि त्यापुढे दोन दिवस पुस्तक हातात धरवलं नाही. माश्यांच्या पुस्तकात रडणं! आणि मुळात राणी मरते हे मला कोणी सांगितलं का नाही?

१२ मार्च

मुलाखत वगैरे झाली तर एखादं पुस्तक पूर्ण वाचलेलं असावं, म्हणून मिठाचा इतिहास घरी आणला. रोज खुणेची पट्टी घालून ठेवतो. पान २३ पर्यंत आलो. भाषा जड.

१६ मार्च

आज मिठाचं पुस्तक एकदम ओघवतं वाटलं. हिला तसं सांगितलंही. हिने शांतपणे सांगितलं की परवा तिने पट्टी तेविसावरून एकशे चाळिसावर सरकवली होती. मी म्हटलं, चांगल्या पुस्तकाला तेवढ्याने काही फरक पडत नाही.

मात्र पुस्तक परत केलं. घरात वाचनाचं वातावरण नाही.

२५ मार्च

हिचे सहा झाले. लायब्ररीत लोक आता आधी पुस्तकाचं शेवटचं पान उघडून ३१२ काय म्हणतो ते बघतात आणि मग पुस्तक घरी नेतात. पुलांच्या पुस्तकासाठी तर नंबर लागलेत. तिथे हिने लिहिलंय की पहिली शंभर पानं कंटाळा येईल, पण सोडू नका. मी 'पोचला नाही' म्हटलेल्या पुस्तकाला रांग! डॉक्टरांनाही जिन्यात अभिप्रायांबद्दल विचारलं, तर म्हणाले, ३११ जरा घाईत असतो का हो? मी म्हटलं, ओळखत नाही.

२ एप्रिल

हिच्याकडून धोका नाही, घरचीच आहे. खरा धोका ८८. जुना, मुरलेला, सगळ्यांशी गोड बोलणारा. अशांनाच खुर्च्या मिळतात. त्याचा बंदोबस्त करायचा तर माझ्या हातात एकच शस्त्र आहे, आणि त्यात मी सव्वीस वर्षं तरबेज आहे.

विषय : सभासद क्र. ८८ यांना समितीवर न घेणेबाबत.

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, सदर इसम पुस्तके न वाचता अभिप्राय देतो, एकच वाक्य सगळीकडे वापरतो, आणि त्यास स्वतःचे मत नाही. सबब त्यास या जागेसाठी कायमचे अपात्र ठरवावे.

कोणतंही पुस्तक वाचून वाटलं नसेल इतकं समाधान वाटलं.

४ एप्रिल

अर्ज दिला. ग्रंथपाल बाईंनी पूर्ण वाचला, दोनदा. मग विचारलं की नक्की द्यायचाय ना, एकदा जुनं रजिस्टर बघता का. मी म्हटलं, बाई, रजिस्टरं मी ऑफिसात बघतो, तुम्ही फक्त पोच द्या. त्यांनी पोच दिली. शिक्का जरा तिरका मारला, पण त्यांची ती लाइन नाही.

१५ एप्रिल

लायब्ररीचं उत्तर आलं! विषय : सभासद क्र. ८८ बाबत. शेवटची ओळ : 'आपल्या विनंतीप्रमाणे कार्यवाही करण्यात येईल, याची नोंद घ्यावी.' नोंद घेतली. पत्र फाइलला लावलं.

हिचे आज बरोबर दहा झाले. मुदतीच्या शेवटच्या दिवशी! मनातून वाईट वाटलं बिचारीसाठी. इतकं वाचलं आणि उपयोग काय.

२१ एप्रिल

समितीत गेल्यावर बोलायचे मुद्दे काढले. एक : अभिप्राय देण्यापूर्वी पुस्तक वाचणं सक्तीचं करावं. दुसरा मुद्दा उद्या.

२९ एप्रिल, संध्याकाळी ६.००

निकाल लागला. समितीवर सभासद क्र. ३१२.

बोर्डावर खाली आणखी एक ओळ होती. 'सभासद क्र. ८८ (नवा क्र. ३११) यांना त्यांच्याच लेखी विनंतीवरून अपात्र ठरवण्यात आले आहे.'

चारदा वाचली. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, मी पत्रात सगळं लिहिलं होतं हो.

२९ एप्रिल, संध्याकाळी ७.३०

फाइल काढली. पत्राच्या मध्यभागी लिहिलंय : 'पाच वर्षांपूर्वी सर्व सभासदांना नवे क्रमांक देण्यात आले. जुन्या रजिस्टरनुसार क्र. ८८ म्हणजे आपणच आहात. तरी अर्ज मागे घ्यावयाचा असल्यास २५ एप्रिलपूर्वी कळवावे. आम्ही वाट पाहू.'

'आम्ही वाट पाहू' असंसुद्धा लिहिलं होतं. पत्राच्या मध्यभागी माणसं असं काही लिहितात, हे मला सव्वीस वर्षांत कळलं नव्हतं.

पुस्तकांची बाइंडिंगं मधल्या काळात बदलली होती. नाहीतर मी ती ओळखलीच असती.

हिला पहिल्या दिवसापासून ८८ कोण ते कळलं होतं. सांगितलं का नाहीस, असं विचारलं. म्हणाली, पुस्तकं उघडाल तेव्हा तुमचं तुम्हालाच आठवेल असं वाटलं होतं. पण तुम्ही असा अर्ज दिलात हे मला आज बोर्डावर कळलं, नाहीतर देऊ दिला नसता. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

३ मे

ही समितीची पहिली यादी घरी घेऊन आली. टेबलाशी माझ्यासमोर बसली, पेन उघडलं आणि म्हणाली, मधमाश्यांवर त्याच लेखकाचं दुसरं पुस्तक आलंय. घ्यावं का? तुमचं मत काय?

तोंडात 'एकांगी' आलंच होतं. पण ती खरोखर थांबली होती, पेन हातात धरून. मी म्हटलं, आधी पहिलं वाचतो, मग सांगतो. ती म्हणाली, यादी वीस तारखेला द्यायचीय. म्हटलं, सतरा दिवस खूप झाले. रोज चाळीस पानं.

४ मे

ऑफिसात फार काम.

१९ मे

पान नऊ. राणी अजून जिवंत आहे.