सुग्राची आखाजी

लिंबायत, सुरत
नोव्हेंबर १९९४

प्रिय सुग्रा,

आमोदहून टाकलेलं तुझं पत्र पोचलं. मी मराठीतच लिहितेय. अडलं तर मोठ्यानं वाच, म्हणजे कळेल. ही युक्ती तूच मला गुजरातीसाठी शिकवली होतीस. शिक्षिका व्हायला आलो त्या पी.टी.सी.च्या वर्गात तू उर्दू शाळेतून आलेली, मी मराठी शाळेतून, आणि फळ्यावर सगळं गुजराती. मी म्हणाले होते, शिरोरेषा नसलेली ही अक्षरं डोक्यावर पदर न घेतलेल्या बायांसारखी दिसतात. तू इतकी हसलीस की हंसाबेननी आपल्या दोघींना वर्गाबाहेर काढलं. आपली मैत्री त्या व्हरांड्यातच झाली.

पण चांगल्याही हंसाबेनच. सरावपाठाच्या वेळी त्यांनी सांगितलं, प्रत्येकीनं आपल्या घरी होत नाही असा सण मुलांना शिकवायचा, आणि पुस्तकातून नाही, मैत्रिणीच्या घरी जाऊन विचारून यायचा. व्याऱ्याच्या मार्थाला पर्युषण मिळालं, जैन घरच्या बीनाला नाताळ. मला ईद, तुला आमची खानदेशातली अक्षय्य तृतीया, आखाजी. घरी सांगितलं तर आईचा चेहरा उतरला. शहरात झालेल्या दंगलीला फार दिवस झाले नव्हते. तुमच्या रांदेरला जायचं म्हटलं की आमच्या गल्लीत लोक गप्प व्हायचे, आणि लिंबायतचं नाव काढलं की तुमच्याकडे. तरी मी आले. तुझ्या दादींनी मला शेजारी बसवून शिरखुर्मा कसा करतात ते सांगायला सुरुवात केली, आणि मध्येच थांबून म्हणाल्या, हे सगळं नंतर. आधी मुलांना हे सांग की ईदच्या नमाजाआधी गरिबाच्या घरी धान्य पोचलं पाहिजे, नाहीतर आपली ईद कसली. आमच्या उपवासाला साबुदाण्याची खिचडी चालते हे ऐकून त्या तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. माझ्या पाठात मी ते धान्याचंच सांगितलं. आठवतं?

मग तू आमच्याकडे आलीस. आईनं तुला पहिल्यांदा ओट्यावरच बसवलं. तू काहीच मनाला लावून न घेता विचारत राहिलीस, गौराई कशी मांडतात, झोका कुठं बांधतात, सासरी गेलेल्या लेकीला आणायला कोण जातं. आई सांगता सांगता गाऊ लागली, गाता गाता आत गेली आणि आतूनच तुला हाक मारली. चुलीपाशी बसून तू सांजोरी खाल्लीस. निघताना म्हणालीस, मावशी, माझी आई मी लहान असताना गेली, म्हणून माहेर म्हणजे काय हे मला नीट सांगा, मुलांसमोर चुकायला नको. आईनं तुला परत चुलीपाशी बसवलं.

तुझा पाठ मी मागच्या बाकावरून पाहत होते. तू गुजरातीत गोष्ट सांगत होतीस, आणि लेक दारात आली तिथं एकदम आईच्या आवाजात म्हणालीस, "लेक उनी व माय!" सुग्रा, माझ्या घरातली अहिराणी मी कॉलेजात कधी तोंडातून निघू देत नव्हते. लोक मजूर समजतील, हसतील, असं वाटायचं. तू ती भर वर्गात बोललीस. कोणीच हसलं नाही. कधी तोंड न उघडणारी ती कोपऱ्यातली मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बेन, मनी माय बी आसंच बोलस." मला रडू आलं. त्यानंतर मी कुणापुढेही आवाज खाली केला नाही. हे तुला समोर सांगायचं राहूनच गेलं.

सप्टेंबरातलं तर तुला माहीतच आहे. प्लेगच्या नावानं गल्लीच्या गल्ली स्टेशनकडे पळाली, शेजारच्या मंगलाबाई कुलूप लावून गेल्या, आणि नेमका बाबांना ताप भरला. एकही रिक्षावाला थांबेना. तू आमोदला गावी जायचं सांगायला आलीस आणि दारातूनच बाहेर थांबलेल्या अब्बांना हाक मारलीस. तोंडाला रुमाल बांधून ते आत आले, बाबांना उचललं आणि साड्यांच्या गठड्या वाहायच्या आपल्या टेम्पोत निजवलं. दवाखान्यात मलेरिया निघाला. पण अब्बांना ते आधी कुठं माहीत होतं?

आता बाबा कापडाच्या लूमवर कामाला जायला लागलेत. कॉलेज सुरू झालंय. तू लिहितेस, अब्बा म्हणतात शिक्षण पुरे, शहराचा भरवसा नाही, आणि रांदेरचं घर तर बंदच आहे. अब्बा भित्रे नाहीत हे मी डोळ्यांनी पाहिलंय. लेकीचा प्रश्न आला की माणसाचं धैर्य कमी पडत असेल. म्हणून मी त्यांच्यावर रागावले नाही. तुझं पत्र मी घरात वाचून दाखवलं. आई उठली, माझ्या खाटेशेजारची पेटी ओढून बाजूला केली आणि तिथं दुसरी खाट बसेल का ते वितींनी मोजू लागली. मग विचारलं, नमाजाला तिला तोंड कुठं करावं लागतं? मी म्हटलं, पश्चिमेला. तिनं त्या भिंतीच्या खुंट्यांवरचे कपडे काढून टाकले.

हे पत्र एवढ्यासाठीच, की येत्या रविवारी आई आणि बाबा आमोदला येतायत. अब्बांना आधी सांगून ठेव, अचानक दारात पाहून ते घाबरायला नकोत. बाबांना त्यांचे हात हातात घ्यायचेत, ते त्या दिवशी राहिलं. आणि परीक्षा होईपर्यंत तू आमच्या घरी राहावंस, हे विचारायचंय. मी म्हटलं, आई, मी लिहिते ना सगळं समजावून. तर म्हणाली, लिहून असं काही मागत नसतात, आणि एवढंच लिहायला लावलं: "तिना बापले सांग, पोर मागाले येस मी."

तुझ्यासाठी बाकावर सरकून बसलेली,
तुझीच
रंजना